जुनी डायना ३५, कॅलिबर ०.१७७ : नेमका छर्रा कसा शोधायचा?

जुळेसोलापूरकर

मंडळी, माझी हवेची बंदूक डायना ३५ आहे, कॅलिबर (नळीचं माप) ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी, नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर वाकवून, भरायची. आतला वॉशर चामड्याचा, नेम धरायची साइट उघडी, दुर्बीण नाही. नळी उजेडाकडे धरली की आटे (आतल्या पिळाच्या खाचा) स्वच्छ दिसतात, गंज नाही. बाजारात मिळणारे देशी छर्रे वापरून १० मीटरवर, टेकून, १० छऱ्यांचा ग्रुप, म्हणजे सगळ्या भोकांचा पसारा, ३५ मिमीचा येतोय. सात एका जागी, तीन भरकटलेले, आणि त्या तिघांची दिशा दर वेळी वेगळी.

बाहेरचे डबे मागवायचे आहेत, पण सगळेच मागवणं परवडणारं नाही. सुरुवात कुठून करू? वजन करून छर्रे निवडायचा खटाटोप कामाचा आहे का? वापर फक्त कागदी टार्गेटवर, १० ते २० मीटर.

हिप्परग्याचा वारा

जेएसबी कंपनीचा एक्झॅक्ट छर्रा, वजन ८.४४ ग्रेन, तो मागवा. विषय संपला.

आटेवाला

विषय तिथं सुरू होतो, मालक. ८.४४ चांगलाच छर्रा आहे, पण तो मानवणं न मानवणं त्या नळीच्या हातात. एकाच मॉडेलच्या दोन बंदुका शेजारी ठेवल्या तरी दोघींची आवड वेगळी निघते. नळीचा आतला व्यास, छर्रा भरायच्या तोंडाशी आटे कुठून सुरू होतात, आणि स्प्रिंगचा जोर, या तिन्हींशी छर्रा जुळावा लागतो. डब्यावरचं नाव यात शेवटी येतं.

पण त्याही आधी एक काम. सात एका जागी आणि तीन कुठंही, ही खूण खराब छऱ्याची असते तशीच ढिल्या बंदुकीचीही असते. ढिल्या बंदुकीवर सहा डबे तपासले तर सहाही वाईट ठरतील. म्हणून आधी हे बघा:

१. दस्त्याचे स्क्रू. पुढच्या भागाला दोन्ही बाजूंचे आणि ट्रिगर गार्डचे. स्प्रिंगच्या बंदुकीत ट्रिगर ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढं ढकलते आणि दाबलेली हवा छर्रा उडवते. तिला दोन धक्के असतात: पिस्टन सुटतो तेव्हा बंदूक मागं जाते, पिस्टन पुढं जाऊन थांबतो तेव्हा पुढं. या हिसक्यांनी स्क्रू आपोआप सैल होतात. दर शंभरेक छऱ्यांनी हात फिरवायचा.

२. नळीचा सांधा. बंदूक कॉक करून (नळी पूर्ण मोडून स्प्रिंग ताणून), ट्रिगरपासून बोट लांब ठेवून, नळी घट्ट धरायची आणि डावीउजवीकडे हलवून बघायची. किंचितही खेळ जाणवला तर बिजागरीचा बोल्ट ढिला आहे. बोल्ट इतका आवळायचा की कॉक केलेल्या बंदुकीची नळी जिथं सोडाल तिथं थांबावी, स्वतःच्या वजनानं खाली पडू नये. त्याचा लॉक स्क्रू असेल तर तो आधी काढायचा, नंतर परत बसवायचा.

३. नळीच्या मुळाशी असलेलं सील. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी सांध्यावर ठेवा, छर्रा भरून एक बार काढा. पट्टी उडाली किंवा फडफडली तर हवा बाहेर जातेय, आणि दर वेळी सारखीच जातेय असं नाही. वेग वरखाली, म्हणून छर्रे वरखाली.

४. नळीचं पुढचं तोंड. कान साफ करायची कापसाची काडी तोंडाच्या कडेवरून आतून बाहेर ओढा. कापसाचे धागे एकाच जागी अडकत असतील तर तिथं खरवड आहे. छर्रा बाहेर पडताना शेवटी त्याच कडेला टेकतो. त्याच्या मागची हवा एका बाजूनं आधी सुटली की छर्रा कलंडतो.

हे चार झाल्याशिवाय डबे मागवू नका.

शेळगीचा पाहुणा

स्क्रू किती आवळायचं ओ? जास्त आवळलं तर लाकूड दबायलंय.

आटेवाला

छोट्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, दोन बोटांनी आणि अंगठ्यानं जितका फिरेल तितका, वर थोडासा. खाचेत घट्ट बसणारं पातं हवं, नाहीतर स्क्रूची खाच सोलते. लाकूड आधीच दबलं असेल तर खाली पितळी वॉशर द्या. निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब पुरतो. लाल नको, तो निघताना तापवावा लागतो आणि तिथं लाकूड आहे.

जुळेसोलापूरकर

स्क्रू दोन ढिले निघाले. सांधा ठीक आहे. पण टिश्यू चक्क उडून पडला. सील चामड्याचंच दिसतंय, कडक झालंय.

आटेवाला

मग अर्धं उत्तर मिळालं. चामड्याचं सील बारीक टोच्यानं काढा, खाचा कोरू नका. खाली पातळ प्लास्टिकच्या किंवा जाड कागदाच्या चकत्या कापून द्या, एक एक करून. नळी उघडी असताना सील अंगठ्याच्या नखाला जेमतेम लागेल इतकंच वर आलं पाहिजे. फार वर आलं तर नळी बंद करताना जोर लागतो, आणि ती रोज किंचित वेगळ्या जागी बसते. म्हणजे एक रोग घालवून दुसरा आणला. चामडं चिरलं असेल तर नवीन घाला.

पिस्टनच्या वॉशरलाही तेल लागतं. दस्ता खाली टेकून बंदूक उभी करा, नळी मोडा, समोर जे बारीक हवेचं भोक दिसतं त्यात नीट्सफूट तेलाचे (चामड्याला लावायचं तेल) तीनचार थेंब सोडा आणि रात्रभर तशीच उभी ठेवा. चामडं तेल पितं, फुगतं, हवा धरतं.

विणकर बागेतला

शिलाई मशीनचं तेल चालेल का? घरोघर असतं इथं.

आटेवाला

नाही. पिस्टन पुढं येतो तेव्हा हवा इतकी दाबली जाते की क्षणभर ती प्रचंड तापते. पातळ खनिज तेल त्यात पेटतं, डिझेल इंजिनासारखं. मोठा आवाज, धूर, वेग एकदम वर, पुढच्या बाराला खाली. अशा बंदुकीवर कोणताही छर्रा नेमका बसत नाही. गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबात नको. योग्य तेल घातल्यावरही पहिले वीसतीस बार थोडा धूर येतो, ते सरावाचे समजा, मोजायचे नाहीत.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बंदूक बंद गाडीत ठेवू नका. स्प्रिंगचं ग्रीस पातळ होऊन पुढं सरकतं आणि हीच कटकट सुरू होते.

मोजपट्टी

आता छऱ्यांकडे येऊ. चामड्याचा वॉशर असलेल्या, मध्यम जोराच्या जुन्या बंदुकीसाठी हलक्या आणि मऊ छऱ्यांपासून वर जावं, उलटं नको. तपासायचा क्रम असा ठेवा:

आरडब्ल्यूएस हॉबी, ७.० ग्रेन, म्हणजे ०.४५ ग्रॅम. चपट्या डोक्याचा, स्कर्ट (छऱ्याचा मागचा पोकळ घेर) रुंद आणि पातळ.
जेएसबी एक्झॅक्ट आरएस, ७.३३ ग्रेन, गोल डोकं.
जेएसबी एक्झॅक्ट एक्सप्रेस, ७.८७ ग्रेन, गोल डोकं.
एच अँड एन फिनाले मॅच, रायफलचा, ८.१८ ग्रेन, चपटा.
आरडब्ल्यूएस सुपरडोम, ८.३ ग्रेन.
आणि हो, एक्झॅक्ट ८.४४ सुद्धा, पण शेवटी.

१० मीटरच्या पुढं जायचंच नसेल तर चपटे पुरेत, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं, मोजणं सोपं. २० मीटरला गोल डोक्याचे वरचढ ठरतात, कारण चपट्या डोक्याला हवेचा अडथळा जास्त. टोकदार छर्रे यादीत नाहीत. टोक जरा जरी मध्यापासून सरकलं तरी छर्रा डुलतो.

हिप्परग्याचा वारा

जड छऱ्याला वारा कमी लागतो, मग हलके का?

मोजपट्टी

या जोराच्या बंदुकीत तो फायदा फारसा उरत नाही. सव्वाआठ ज्यूलची बंदूक धरा. ०.५१ ग्रॅमचा छर्रा साधारण १८० मीटर प्रतिसेकंद वेगानं निघेल. छर्रा जड आणि शिवाय घट्ट असेल तर तो जागचा हलायला उशीर करतो, पिस्टनसमोर हवेची गादी तयार होते आणि पिस्टन तिच्यावर आपटून मागं उसळतो. छर्रा अजून नळीतच आणि बंदूक नाचायला लागलेली. उलट फार सैल छर्रा लवकर निघून जातो, गादी तयारच होत नाही, पिस्टन पुढच्या भिंतीवर ठोकतो. म्हणून रिकामी बंदूक कधी उडवू नये. बंदूक सुटताना आवाज आणि धक्का दोन्ही बोथट लागले, खणखणीत नाही, तर वजन जुळतंय.

वाऱ्याचं म्हणाल तर ताशी दहाएक किलोमीटरचा आडवा वारा २० मीटरवर अशा छऱ्याला सुमारे दोन सेंटिमीटर सरकवतो. सगळा ग्रुपच तेवढा असतो! दुपारी विजापूर रोडकडच्या मोकळ्या प्लॉटवर बसून छर्रे तपासण्यात अर्थ नाही. सकाळी साडेसहा ते आठ, नाहीतर बंद जागेत.

सराफ कट्टा

डोक्याच्या मापाबद्दल कुणीच बोललं नाही. ८.४४ चा डबा ४.५०, ४.५१, ४.५२, ४.५३ अशा मापांत येतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक, पण नळीला तो कळतो.

कुठलं माप बसतं ते बार न काढताही कळतं. नळी मोडा, छर्रा अंगठ्यानं सरळ ढकला. तीन गोष्टी होतात. टपकन आत पडला आणि नळी उलटी केल्यावर बाहेर आला: डोकं आणि स्कर्ट दोन्ही लहान. बोटाला चांगलाच जोर लागला, स्कर्टची कड चेपली: मोठा. डोकं सहज गेलं आणि स्कर्ट शेवटी मऊपणे दाबून बसला: याला पुढं न्या.

मग दुसरी पायरी. तसाच एक छर्रा गुळगुळीत लाकडी किंवा पितळी काडीनं मागून पुढं हळूच ढकलून नळीतून बाहेर काढा. बंदूक कॉक केलेली नको. कॉक केल्याशिवाय नळी पूर्ण उघडत नसेल तर बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून नळी सोडवून घ्या, तिथं धाडस नको. ढकलताना बोटाला कळतं: सारखा विरोध लागला तर नळी चांगली, मध्येच काडी ढिली पडली तर तिथं पोकळी आहे. बाहेर आलेला छर्रा भिंगाखाली धरा. घड्याळ दुरुस्तीवाल्याचं डोळ्याला लावायचं भिंग उत्तम. डोक्यावर आट्यांच्या बारीक रेघा चहूबाजूंनी सारख्या उमटल्या पाहिजेत आणि स्कर्टवर जास्त खोल. फक्त स्कर्टवर खुणा आणि डोकं कोरं राहिलं तर डोक्याला आधारच नाही, छर्रा नळीत डुलत जातो. एका बाजूलाच रेघा असतील तर तो तिरका बसला होता.

शेळगीचा पाहुणा

हे भारी आहे बे. गावातल्या छऱ्यावर करून बघितलं, डोकं कोरंच्या कोरं. आणि मधोमध साच्याची शिवण दिसायलीय.

सराफ कट्टा

शिवण, आत अडकलेला शिशाचा कण, वाकडी कड, सगळं मिळेल. गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायला तो ठीक, तिथं फुगाच वीतभर असतो. आणि स्टीलची गोळी किंवा पिसाचा बाण आटे असलेल्या नळीत कधीच घालू नका. आटे शिशासाठी असतात, स्टील ते खाऊन टाकतं.

वजनाबद्दल. आपल्या पेठेत साधा दागिन्यांचा काटा ०.०१ ग्रॅम दाखवतो. छर्रा आहे अर्धा ग्रॅम, म्हणजे ती पायरीच दोन टक्क्यांची झाली. गट पाडायला ०.००१ ग्रॅमचा काटा लागतो. चांगल्या कंपनीच्या डब्यात वजनाचा फरक आधीच थोडा असतो, तिथं वजन करून २० मीटरच्या आत फार काही हाती लागत नाही. त्यापेक्षा स्कर्ट बघा. डबा प्रवासात हिंदकळतो आणि पातळ कडा चेपतात. छर्रे कधी डब्यातून भांड्यात ओतू नका. पांढऱ्या कागदावर उभे मांडा, वरून स्कर्टचा गोल बघा, अंडाकृती दिसला की बाजूला. काच जरा तिरकी ठेवून छर्रा गडगडवला तर तो कमानीत वळतो. बहुतेक एकाच कमानीत जातात, वेगळ्या वाटेनं गेलेला सरावाच्या डब्यात टाका.

जुळेसोलापूरकर

चकत्या घातल्या, टिश्यू आता हलत नाही. तपासणी कशी लावू? प्रत्येकाचे पाच बार पुरेत का?

मोजपट्टी

पाच बार फसवतात. त्याच बंदुकीचे, त्याच छऱ्याचे पाच-पाचचे ग्रुप निव्वळ योगायोगानं एकमेकांच्या दीडपट होऊ शकतात. दहाचा ग्रुप सरासरीनं पाचच्या ग्रुपपेक्षा पाव भागानं मोठा येतो, पण त्यावर विश्वास ठेवता येतो. "तो एक चुकून गेला" म्हणून वगळायचं नाही. बार निघताना आपला हात हलला असं सुटण्याआधीच वाटलं, तरच तो बाद, आणि तेही कागद बघायच्या आधी ठरवायचं.

क्रम असा. नळीतून कोरडी फडक्याची पट्टी दोनतीनदा ओढा, मागून पुढं, नायलॉनच्या दोऱ्यानं. पितळी ब्रश नको. पहिल्या छऱ्याचे पंधरा बार नुसते नळी बसवायला. शिशाचा पातळ थर बसल्यावरच ग्रुप स्थिरावतो, आणि प्रत्येक कंपनीचं शिसं आणि वरचं वंगण वेगळं. मग १० मीटरवर दहाचा एक ग्रुप. छर्रा बदलला की पुन्हा पंधरा. सहा छऱ्यांचे दीडशे बार होतात, एका सकाळी तीनच छर्रे करा. दमलेला खांदा छऱ्याला बदनाम करतो.

सर्वात लहान ग्रुपच्या दुप्पट आलेले गळाले. उरलेले दोन किंवा तीन २० मीटरवर. तिथं एक छर्रा अ, दुसरा आ धरला तर क्रम अ, आ, आ, अ असा, म्हणजे उजेड किंवा हात बदलला तर दोघांनाही सारखा फटका.

हिप्परग्याचा वारा

प्रत्येक बदलाला पंधरा बार टाकायचे तर अ-आ-आ-अ मध्ये निम्मा डबा नळी बसवण्यातच जाईल.

मोजपट्टी

बरोबर पकडलंत. दुसऱ्या फेरीत दोन्ही एकाच कंपनीचे असतील तर पाच पुरतात. वेगळ्या कंपनीचे असतील तर दहा, आणि ते त्याच कागदाच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर मारा. शेवटचे तीनचार एका जागी यायला लागले की मुख्य ठिपक्यावर जा. पंधरा हा आकडा काही दगडावरची रेघ नाही.

१० मीटरला जिंकलेला २० ला हरू शकतो, हेही लक्षात ठेवा. वेगात दोन टक्के फरक पडला तर १० मीटरवर उंचीत अर्धा-पाऊण मिलिमीटर फरक, दिसतसुद्धा नाही. २० मीटरवर तोच अडीच-तीन मिलिमीटर होतो. उभा लांबट ग्रुप आला तर छर्रा नंतर, आधी सील आणि तेल बघा.

उघडी साइट आहे म्हणून कागद नीट निवडा. १० मीटरच्या रायफल टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमीचा असतो, पिस्तुलाच्या टार्गेटचा ५९.५ मिमी. १० मीटरला पहिला लावा, २० ला दुसरा. डोळ्याला दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, नेम बदलावा लागत नाही.

मोजताना दोन सर्वात लांबच्या भोकांच्या बाहेरच्या कडा मोजून ४.५ मिमी वजा. गोल डोक्याचा छर्रा कागद फाडतो आणि भोक लहान भासतं, म्हणून मागं जाड पुठ्ठा चिकटवा.

आटेवाला

आणि धरणं! निम्मे "वाईट छर्रे" हातात असतात. पुढचा दस्ता मुठीत आवळायचा नाही. तळहात उघडा, बंदूक त्यावर नुसती ठेवलेली, हात वाळूच्या किंवा तांदळाच्या पिशवीवर. बंदूक थेट विटेवर, टेबलावर किंवा पिशवीवर टेकवली तर धक्क्यानं ती उसळते आणि नेम वेगळीकडे जातो. छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत बंदूक हलायला लागलेली असते, ती दर वेळी सारखीच हलली पाहिजे, एवढंच आपल्या हाती. तळहाताची जागा ट्रिगर गार्डच्या लगेच पुढं, मग दोन बोटं पुढं, मग आणखी पुढं, असं एकाच छऱ्यानं तपासा. चांगली जागा सापडली की दस्त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि सगळी तपासणी तिथंच. गाल आणि खांद्याचा दाबही तोच.

छर्रा अंगठ्यानं बसवताना नख नको, बोटाचा मऊ भाग वापरा, कडेशी सपाट. एक खोल, एक वर, असं झालं तर तोच छर्रा दोन छऱ्यांसारखा वागेल. भरताना दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरून ठेवायची. ट्रिगर निसटला तर नळी बोटासकट मिटते.

विणकर बागेतला

टार्गेटमागं काय लावायचं? भिंतीवरून छर्रे उलट येतात.

सराफ कट्टा

लाकडी खोकं, ३० सेंटिमीटर खोल, मागं ३ मिमी जाडीचा पत्रा, आत मागाच्या कारखान्यातल्या चिंध्या ठासून. आपल्या गावात चिंध्यांची कमी नाही. टॉवेलच्या चिंध्या सर्वात चांगल्या, छर्रा फुलासारखा अडकतो. पाचेकशे बारांनी मधला भाग पोखरतो, तो बदला. चिंध्या सैल भरल्या तर छर्रा पत्र्यापर्यंत पोचून उलट येतो. डोळ्यावर चष्मा हवाच. शिसं हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय शेंगा-चटणी-भाकरीला हात लावू नका.

आणि पाखरांवर कुणी नेम धरायचा नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्या उशाशी आहे. ०.१७७ आणि २० ज्यूलच्या आतल्या बंदुकीला परवाना लागत नाही याचा अर्थ गच्चीवरून कुठंही मारा असा नाही.

जुळेसोलापूरकर

एक बघितलं. जुनेच छर्रे, फक्त सील, स्क्रू आणि तळहाताची जागा बदलली: ३५ चा ग्रुप २२ मिमी झाला. आता हॉबी, आरएस, एक्सप्रेस आणि फिनाले मॅच मागवतोय. किती आला तर समाधान मानायचं?

मोजपट्टी

उघड्या साइटनं, टेकून, १० मीटरवर दहाचा ग्रुप १२ मिमीच्या आत आला तर बंदूक आणि छर्रा जुळले. २० मीटरला २५ मिमी. त्याखाली जायचं तर दुर्बीण लागेल, आणि जुन्या स्प्रिंगच्या दुहेरी धक्क्यानं साधी दुर्बीण मोडते.

शेळगीचा पाहुणा

चार डबे एकट्यानं कशाला घेता मालक? डब्यात पाचशे असतात. तपासायला शंभर पुरतात. आम्ही तिघं आहोत, वाटून घेऊ.

सराफ कट्टा

वाटताना हातानं मुठी भरू नका, कडा चेपतील. फोटोच्या रिळाच्या जुन्या डब्या किंवा गोळ्यांच्या बाटल्या घ्या, तळाशी आणि झाकणाखाली स्पंज. आणि प्रत्येक बाटलीवर डब्याच्या मागचा लॉट नंबर लिहा. जो छर्रा जिंकेल त्याच लॉटचे तीनचार डबे एकदम घ्यायचे. त्याच नावाचा पुढचा लॉट वेगळ्या साच्यातून आलेला असू शकतो, मग अंगठ्यानं ढकलण्यापासून सगळं परत.

जुळेसोलापूरकर

ठरलं. डबे आले की इथंच लिहितो. बाटल्या घेऊन रविवारी सकाळी 'सात रस्ता' चौकात या, स्पंज माझ्याकडे आहे.